तुझा लॉकर, माझं बटण

भान्या,

तू गेल्यापासून तिसगावातली माणसं माझं सगळं खरं मानायला लागलीत. एवढी वाईट वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

गेल्या बाजारी टपरीवर सांगत होतो की यंदा आमच्या बांधावरच्या बाभळीला इतके काटे आलेत, की पाखरं चपला घालून बसतात. सगळ्यांनी माना हलवल्या. एक म्हातारबा तर म्हणाले, "व्हय, ऊन बी लई हाय यंदा." मी पुढचं वाक्य तोंडात धरून थांबलो. माझ्या डाव्या अंगाला, बाकाच्या टोकाला तुझी जागा. तिथून आता "हट्, कायबी" येणार, मग मी चिडणार, मग काटे दुप्पट करणार, आणि मग खरी मजा. बाकाचं टोक गप्प. लोकांनी चहा संपवला, पिशव्या उचलल्या, बाजाराला लागले. माझी बाभळ तशीच खरी होऊन पडली.

लोकांना वाटतं, थापा मारायला ऐकणारे लागतात. ऐकणारे काय, हाक मारली की जमतात. न मानणारा एक लागतो.

दहाव्याला मला दोन शब्द बोलायला उभं केलं होतं. मी "भानुदास गाडी चांगली चालवायचा" एवढं म्हणून खाली बसलो. माणसं हळहळली, गणपतरावांना शोक आवरेना म्हणाली. शोक तर होताच. पण खरं कारण वेगळं. मी एक जंगी गोष्ट तयार करून आणली होती, तुझी जीप पाझर तलावावरून उडाली ती. बोलायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, आता ही गोष्ट कुणी अडवणार नाही. अडवणारा नाही म्हटल्यावर तिला चढायला चढच उरला नाही.

तर आता आपलं भांडण मी आख्खं मांडतो. इतकी वर्षं तू मला मध्येच तोडायचास. आज तोड बघू.

सुरुवात तुझ्या त्या गोळ्यापासून. जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, शिकलेली माणसं ज्याला डिफरन्शिअल म्हणतात, तो मला पहिल्यांदा तू समजावलास, गोठ्यात, शेणाच्या वासात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, म्हणून हा गोळा दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देतो. इथवर ठीक. पण एक चाक हवेत उचललं गेलं, की हा सगळा जोर त्या हवेतल्या चाकाला देतो. जमिनीवरचं बिचारं उभंच राहतं.

"म्हंजी बघ गणप्या," तू म्हणालास, "एक बैल मान खाली घालून वढाया तयार, अन् दुसरा नुसताच नाचतोय. अन् हा बाबा वैरन कुनाला टाकतो, तर नाचनाऱ्याला. हा गोळा आपल्या गावच्या पुढाऱ्यावानी हाय."

त्यावर तुझा उपाय लॉकर. ट्रॅक्टरला लॉकचं पॅडल असतं तसंच काम, पण आपोआप करणारं. दोन्ही चाकं एका जुवाला जुंपायची. नाचणाऱ्यालाही ओढावं लागणार. वळणावर तो आपला आपण सुटणार आणि सुटताना टकटक वाजणार.

नगरच्या गॅरेजवाल्यामार्फत तू तो मागवलास. खोकं आलं तेव्हा सुमनवहिनींनी आत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "एवढुसं? म्या म्हनलं, कायतरी घरात वापरायचं आसंल." तू गोणपाट अंथरलंस, जीपच्या मागच्या पोटात हात घातलास, आणि मी शेजारी बसून तुला चुकीचे पाने देत राहिलो. दात मोजून, खुणा करून, जुन्या लुगड्याच्या धडप्यानं पुसून तू तो बसवलास. वर हळदकुंकू. पहिल्याच वळणावर मागून टक्, टक्, टक्. मी ओरडलो, "मोडलं रे!" तू म्हणालास, "मोडलं न्हाई. बोलती."

आणि वरच्या वस्तीचं दूध घेऊन तू म्हसोबाच्या चढावरून उतरायला-चढायला लागलास. तो चढ काय सांगावा! इतका उभा, की चढणाऱ्या माणसाची सावली खाली राहून चहा पिते. (इथं तू म्हणणार, "हट्, कायबी. बरा चढ हाय, इतकंच." म्हण ना.) मध्यावर कातळाची एक पायरी. तिथं सगळ्या गाड्यांचं एक मागचं चाक उचललं जायचं आणि सगळ्या गाड्या तिथूनच माघारी फिरायच्या. तुझी फिरली नाही.

मग मी गाडी घेतली.

माझं खताचं दुकान. मला डोंगर चढायची काही गरज नव्हती, हे तू पंचक्रोशीला सांगून झालंय. तरी घेतली. कंपनीची, नवी, चारी चाकं ओढणारी, लॉकर कारखान्यातूनच बसवून आलेला. डॅशबोर्डवर बटण. दाबलं की लागलं, सोडलं की सुटलं. टकटक नाही, बिकबिक नाही, गोणपाट नाही. वर गॅरंटी.

तू गाडीभोवती एक चक्कर मारलीस, देवळाला मारतात तशी, फक्त उलटी. मग वर बघितलंस.

"छताला खिडकी कशाला?"

"ती त्या मॉडेलला येतेच."

"अन् हे निळे दिवे पायाखाली?"

"तेही येतात."

"म्हंजी लॉकर पायजे म्हनून तुला खिडकी घ्यावी लागली. लोनचं पायजे म्हनून कुनी आख्खं लगीन लावतं व्हय रं?"

मी काय सोडतोय! म्हटलं, भान्या, माझ्या गाडीचा लॉकर, अ‍ॅक्सल, ब्रेक, सगळी एका घरात वाढलेली भावंडं आहेत, एकमेकांची ताकद ओळखून आहेत. तू धोतरावर टाय बांधलायस. आणि झालंही तसंच. तुझ्या लॉकरच्या जोरानं जुन्या जीपचा अ‍ॅक्सल तुटला, ऐन घाटशिरसच्या रस्त्यावर. मी गावभर पेढे वाटणार होतो. तू शांतपणे म्हणालास, "अ‍ॅक्सल तुटला. लॉकर न्हाई तुटला." जसं काही गळफासाचा दोर शाबूत आहे म्हणून मेलेल्याच्या घरच्यांनी समाधान मानावं. तू जाडजूड नवा अ‍ॅक्सल घातलास आणि पुन्हा टकटक करत फिरायला लागलास. मी विचारायचो, असं एक एक बदलत किती दिवस चालणार? तुझं उत्तर ठरलेलं, "जे मोडंल ते बदलू. तुझं मोडलं तर तू काय बदलशील? शोरूम?"

आता ती तलावाची गोष्ट. ती टाळली तर तू वरून दगड मारशील.

पाझर तलावाच्या गाळात मी गाडी घातली. कुणी सांगितलं नव्हतं. बटणाची करामत दाखवायची होती आणि बघणारे काठावर जमले होते. गाडी रुतली. मी ऐटीत बटण दाबलं. बटणावरचा दिवा नुसता डोळे मिचकावायला लागला. पुन्हा दाबलं, पुन्हा मिचकावला. अंगठा झिजून करंगळीएवढा झाला, पण दिवा काही स्थिर होईना. मी मागची चाकं फिरवत राहिलो आणि गाडी म्हशीसारखी गाळात बसत गेली. तेवढ्यात बंधाऱ्याच्या वळणावर टक्, टक्, टक्. तू आलास. उतरलास. खिडकीतून हात आत घातलास, तो छोटा दांडा ओढून गाडी 'लो'मध्ये, म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त अशा गिअरात टाकलीस, मग बटण दाबलंस. दिवा लगेच शहाण्यासारखा पेटून राहिला. आधी लो, मग लॉक, हे मला ठाऊक नव्हतं असं तुझं म्हणणं. मला ठाऊक होतं. मी दिव्याची परीक्षा घेत होतो. यावर मी आजही ठाम आहे.

पण तोवर गाडीचं पोट गाळावर टेकलं होतं. दोर लावून तुझ्या जीपनं मला ओढलं. दोर सोडताना तू एवढंच म्हणालास, "बटन चांगलं हाय. दाबनारा कंपनीचा न्हाई."

आपला रिवाज होता, ज्याची गाडी अडकली त्यानं बाजारच्या दिवशी भेळ घालायची, ज्यानं काढली त्यानं गोष्ट सांगायची, आणि अडकलेल्यानं हूं की चूं न करता ऐकायची. मी भेळ घातली. माणसं कान टवकारून बसली. आणि तू काय सांगितलंस?

"अडकला. काढला."

संपली गोष्ट! तोंडात शेव, पुढं शब्द नाही. भान्या, त्या दिवशी मला अडकल्याची लाज वाटली नाही, पण एवढ्या थाटात अडकलेल्या माणसाची अशी वासलात लावलीस त्याचा संताप आला. शेवटी रिवाज मोडून मीच उभा राहिलो आणि माझ्या फजितीची गोष्ट मीच सांगितली. गाळ छातीपर्यंत आणला. मासे खिडकीतून आत डोकावत होते. तू दर वाक्याला "हट्, कायबी" म्हणत होतास आणि दर वाक्याला माझा गाळ वर चढत होता. अशी भेळ पुन्हा लागली नाही.

मग ठरलं, एकदाचा निकाल लावायचा. म्हसोबाचा चढ, एकच दिवस, दोन्ही गाड्या. ठरलं म्हणजे दर बाजारी ठरलं. कधी तुझी म्हैस व्यायली, कधी माझा गुडघा धरला, कधी माझी गाडी सर्व्हिसिंगला, कधी तू म्हणालास की आज वारं बरोबर नाही. चढाला वारं! दरम्यान वस्तीला पलीकडून डांबरी झाली, दुधाला चढाची गरज उरली नाही, तरी आपलं ठरवणं चालूच. मला आता वाटतं, आपल्या दोघांनाही तो निकाल नको होता.

आणि तूच निघून गेलास. ठरवून गेला असतास तर म्हटलं असतं, हरण्याच्या भीतीनं पळाला.

तेराव्यानंतर तुझा महेश मला दुकानात भेटायला आला. पोरगं चाकणला कामाला, घाईत. म्हणाला, "काका, जीप भंगारात देतो. शेवगावचा एक जण न्यायला तयार हाय. आई एकटी, ती कशाला त्या खटाऱ्यात?" मी मान हलवली. तुझ्या पोराला मी हयातभर तेच सांगत आलो होतो, की बापाची जीप खटारा आहे म्हणून. माझंच बी उगवलं होतं.

तुझ्या घरी वस्तीवर गेलो. वहिनी अंगणात दुधाच्या किटल्या पालथ्या घालत होत्या. महेशनं पुन्हा तेच काढलं, ती चालत नाही आता, उगाच जागा अडवते. वहिनींनी किटली खाली ठेवली.

"चालती का न्हाई ते चढावर ठरवू," त्या म्हणाल्या. "ह्या दोघांचं तसंबी ऱ्हायलंच हाय. भावजी, तुमी तुमची गाडी आना. तुमची चढली अन् आपली न्हाई चढली, तर ने म्हनावं त्याला. दोनी चढल्या, तर माझ्या दारात ऱ्हाईल ती."

मी पटकन म्हणालो, "वहिनी, जीप मी चालवतो."

"तुमी? तुमी काय चालवताय. माझी मी चालवीन. त्यांना ताप आला की दूध कोन न्यायचं, तुमी का?"

तर भान्या, ज्याला तुझ्या लॉकरच्या नावानं बोटं मोडायची सवय, तो मी त्या दिवशी सकाळी म्हसोबाच्या चढाखाली उभा होतो, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा तुझी जीप चढायला हवी होती.

आधी मी. लो, मग लॉक. (बघ, ठाऊक आहे.) दिवा पेटला. माझी गाडी अशी चढली, जशी सून माहेरच्या पायऱ्या चढते. कातळाच्या पायरीवर चाक उचललं गेलं, पण आत कुठं काही कुरकुर नाही, थरथर नाही. वर म्हसोबाच्या दगडापाशी पोचलो तेव्हा चहाचा घोट घेतल्याइतकीसुद्धा हालचाल पोटात झाली नव्हती. एवढी मोठी जीत, आणि मला ती कुणाच्या तोंडावर फेकून मारता येईना. उतरलो आणि काठावर येऊन खाली बघत राहिलो.

खाली वहिनींनी पदर खोचला, तुझी ती चौकटीची उशी पाठीशी ठेवली, कारण तुझे पाय लांब आणि सीट गंजून मागंच अडकलेली. महेश चाकामागं लावायला दगड घेऊन चढावर उभा. जीप निघाली. काळा धूर, खडखडाट. मी हात जोडले की नाही ते सांगणार नाही. म्हसोबानं बघितलंय, तो बघून घेईल.

कातळाच्या पायरीवर मागचं उजवं चाक उचललं गेलं. गाडी कलली. वहिनींनी घाबरून अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय उचलला. मागून खाड् असा आवाज आला, जीप थांबली, आणि हातभर मागं सरकली. वहिनींनी ब्रेक दाबून धरला. महेशनं चाकामागं दगड लोटला आणि ओरडला, "आई, उतर! ऱ्हाऊ दे! बास झालं!"

वहिनींनी एक हात स्टिअरिंगवरून काढला. आता त्या उतरणार होत्या. मला त्यांचा पाय खाली येताना दिसला.

आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते तोंडातून बाहेर पडल्यावर मला कळलं, "पाय उचलू नका, वहिनी! गाडीला इचारायचं न्हाई, सांगायचं!"

हे माझं बोलणं नव्हे. मी असं बोलत नाही. मी दुकानदार माणूस, मी सगळ्यांना विचारतो. हे तुझं. माझ्या शेजारी बसून, मला गाडी शिकवताना, दर चढाला तू माझ्या मांडीवर चापट मारून हेच म्हणायचास.

वहिनींनी वर माझ्याकडं बघितलं. क्षणभर. मग पाय आत घेतला आणि गाडीला सांगितलं.

एक चाक हवेत, एक कातळावर. दोन्ही एका जुवात. जीप थरथरली, दोन दगड मागं उडाले, महेश बाजूला झाला, आणि ती वर आली. दमानं, न थांबता, तुझ्यासारखी, कुणावर उपकार केल्याचा आव न आणता. म्हसोबाला वळसा घालताना मागून आवाज झाला, टक्, टक्, टक्.

इथं मी काही फुगवून सांगणार नाही. मी दगडावर बसलो.

वहिनींनी इंजिन बंद केलं. "कोन जितलं?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही चढल्या."

"मग?"

"मग काय. भांडण तसंच राहिलं."

त्या हसल्या, तू गेल्यानंतर पहिल्यांदाच माझ्यादेखत. मग डोळे पुसले आणि माझ्या गाडीकडं बघत म्हणाल्या, "तुमच्या गाडीला ते लई चांगलं म्हनायचे. घरात. कंपनीनं नामी काम केलंय म्हनायचे. बाहीर न्हाई बोलायचे."

"मला का नाही बोलला मग?"

"बोलले आसते तर तुमी भांडाया आला आसता का?"

बघ, तू माझ्याहून मोठा थापाड्या निघालास. मी बाभळीला काटे वाढवले, तू इतकी वर्षं एक आख्खं मत लपवून बसलास, आणि तोंडावरची माशी हलली नाही.

मग माझंही ऐक, आता फिटंफाट होऊ दे. ती गाडी मी बटणासाठी घेतली नव्हती. तू लॉकर बसवलास आणि जिथं माझी जुनी गाडी येऊ शकत नव्हती तिथं एकटाच जायला लागलास. चढावर, तलावाच्या मागच्या रानात, त्या वरच्या कड्यावर, जिथं बसून तू दुपारची भाकरी खायचास. संध्याकाळी येऊन सांगायचास, "गेल्तो. बघितलं." बस्, दोन शब्द. तिथं काय बघितलंस ते तुझ्याकडून कळायची आशा नव्हती. मला स्वतःलाच यावं लागणार होतं. मला तुझ्यासारखी जीप उघडून बांधता येत नाही, माझे हात पोत्यांचे. म्हणून तयार घेतली. तुझ्यामागं यायला. हे तोंडानं बोललो नाही. त्याऐवजी म्हणालो, तू धोतरावर टाय बांधलायस.

महेश चाकणला गेला. जाताना म्हणाला, "काका, त्या लॉकरचं तेल कोन बदलनार?" मी म्हटलं, मी. आता मला गोणपाटावर झोपावं लागणार आहे, आणि योग्य पाना कुणी हातात देणार नाही. कंपनीच्या सर्व्हिसिंगवाल्यांना सांगू नकोस.

जीप वहिनींच्या दारात आहे. बाजारच्या दिवशी त्या तीच घेऊन येतात. डांबरीनं, सावकाश. टपरीवर बसून मी त्या चढाची गोष्ट सांगत असतो. आता तो चढ इतका उभा झालाय, की वर पोचल्यावर आम्हाला पंख्यासारखं उलटं लटकावं लागलं. लोक माना हलवतात. तेवढ्यात वेशीच्या वळणावर टक्, टक्, टक् असं वाजतं, आणि मी बोलता बोलता उजवीकडं सरकून बाकाचं टोक मोकळं करतो. सगळी टपरी बघत असते. मग मला आठवतं, पण मी परत टोकाकडं सरकत नाही. असू दे.

तर ऐक. कंपनीचं बटण तुझ्या लॉकरपेक्षा भारी आहे. होतं, आहे, राहील. दोन्ही चढल्या हे खरं, पण माझी न बोलता चढली. आता यावर तुझं काय म्हणणं आहे ते सांग.

बाक मोकळा आहे. ये, आणि म्हण, कायबी.